समुद्रसशाची शिकवण

गेवराई तालुक्यातील आमच्या उमापूरपासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर. तरीही इथल्या पालकांना मी समुद्रसशाची गोष्ट आवर्जून सांगतो. हा ससा म्हणजे खरे तर समुद्री गोगलगाय. डोक्यावरची दोन शिंगे सशाच्या कानांसारखी दिसतात, म्हणून हे नाव.

माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी. समुद्रसशाकडे जेमतेम २० हजार. त्यांतल्या काही तर नुसत्या डोळ्यांना दिसतील एवढ्या मोठ्या. म्हणूनच अमेरिकेतील शास्त्रज्ञ एरिक कँडेल यांनी स्मृतीचे कोडे उलगडण्यासाठी हा प्राणी निवडला. २००० सालच्या नोबेल पारितोषिकाचे ते एक मानकरी ठरले.

समुद्रसशाला हलका स्पर्श केला, की तो कल्ला आत ओढतो. स्पर्श पुन्हा पुन्हा झाला, की त्याला सवय होते. सलग ४० स्पर्शांची सवय एकच दिवस टिकली. रोज १० याप्रमाणे चार दिवस दिलेल्या तेवढ्याच स्पर्शांची मात्र काही आठवडे! अशा टिकाऊ आठवणीत चेतापेशींमधल्या जोडण्यांची संख्याच बदललेली आढळली.

मूल म्हणजे गोगलगाय नव्हे. पण अंतराअंतराने केलेला अभ्यास अधिक टिकतो, हे माणसांवरील प्रयोगांतही दिसले आहे. परीक्षेच्या आदल्या रात्रीची घोकंपट्टी म्हणूनच फसवी. आणि आई-बापांबरोबर ऊसतोडीला गेलेल्या आपल्या बीडच्या लेकरांची तर शाळाच काही महिने तुटते. फडावरच्या कोपीतही रोज अर्धा तास पुस्तक उघडले जावे, एवढी सोय आपण करायलाच हवी.