स्थलांतरित समाज, अभिजात नृत्य आणि भाषा : ब्रिटनमधील भरतनाट्यम्

स्थलांतरित समाज आपल्याबरोबर जे सांस्कृतिक धन नेतो त्यात बहुधा भाषा सर्वांत आधी क्षीण होते. पहिली पिढी मातृभाषा बोलते, दुसरीला ती समजते, आणि तिसरीच्या वाट्याला काही संबोधने व खाद्यपदार्थांची नावे एवढीच उरतात. अशाच समाजांत अभिजात नृत्याचे शिक्षण मात्र चिकाटीने चालू राहते, किंबहुना विस्तारते. ज्या नृत्याचा अभिनय शब्दार्थावर उभा आहे ते नृत्य शब्दांची ओळख मावळत असताना कशाच्या बळावर टिकते, आणि समाजाला एकत्र आणण्याचे कार्य ते नेमके कसे करते, हा प्रश्न नृत्याच्या अभ्यासकाइतकाच भाषेच्या अभ्यासकालाही विचारार्ह आहे. ब्रिटनमधील भरतनाट्यमच्या उदाहरणावरून त्याचा विचार करता येईल.

भारतीय नृत्य ब्रिटनला प्रथम परिचित झाले ते प्रेक्षणीय वस्तू म्हणून. १९२३ साली उदय शंकर यांनी अॅना पाव्हलोवा यांच्याबरोबर लंडनच्या रंगभूमीवर हिंदू विषयांवरील नृत्ये सादर केली. १९३९ साली राम गोपाल यांचे प्रयोग लंडनमध्ये झाले. तेथे नर्तक भारतीय होता, परंतु प्रेक्षक परकीय होता. समाजाने समाजासाठी चालविलेले नृत्यशिक्षण हा यापुढील टप्पा होय, आणि तो स्थलांतरांशी निगडित आहे. १९७२ साली युगांडातून हद्दपार झालेल्या आशियाई लोकांपैकी सुमारे २८ हजार ब्रिटनमध्ये आले. त्यांत गुजराती भाषकांची संख्या मोठी होती. १९८३ च्या श्रीलंकेतील हिंसाचारानंतर तमिळ निर्वासितांचा ओघ वाढला. १९७६ साली नसीम खान यांनी ‘द आर्ट्स ब्रिटन इग्नोअर्स’ या अहवालात अल्पसंख्य समाजांच्या कलांकडे होणाऱ्या दुर्लक्षाकडे लक्ष वेधले. १९७९ साली तारा राजकुमार यांनी लंडनमध्ये भारतीय नृत्याची अकादमी स्थापन केली. १९८१ साली नीलिमा देवी यांनी लेस्टरमध्ये कथकचे शिक्षण देणारी संस्था काढली.

अशा शहरांतील भरतनाट्यमच्या वर्गाची भाषिक घडण मोठी चमत्कारिक असू शकते. विद्यार्थिनी गुजराती, शिक्षिका तमिळ किंवा मलयाळी, गीत तेलुगू, आरंभीचा श्लोक संस्कृत, आणि शिकविण्याचे माध्यम इंग्रजी. या मिश्रणात शब्दांचे तीन थर वेगळे ओळखले पाहिजेत. कारण स्थलांतरात तिघांची गती सारखी होत नाही.

पहिला थर ‘सोल्लुकट्टू’चा, म्हणजे पदन्यासाबरोबर उच्चारल्या जाणाऱ्या बोलांचा. ‘तै या तै’ या बोलांना कोशगत अर्थ नाही. त्यांचे सारे मोल काल, मात्रा आणि आघात यांत आहे. अर्थच नसल्यामुळे भाषांतराची गरज नाही, आणि म्हणून कोणत्याही भाषेचे मूल ते समान अधिकाराने आत्मसात करते. हा थर प्रवासात फारसा झिजत नाही.

दुसरा थर पारिभाषिक शब्दांचा. ‘अडवू’, ‘अरमंडी’, ‘मुद्रा’, ‘वर्णम्’, ‘तिल्लाना’ हे शब्द इंग्रजी वाक्यांत जसेच्या तसे बसतात आणि इंग्रजीचे अनेकवचनी प्रत्ययही घेतात. ज्यांना एकमेकांची मातृभाषा येत नाही अशा कुटुंबांमध्ये हाच सामाईक शब्दसंग्रह ठरतो. येथे शब्द टिकतात, परंतु अर्थ सरकतो. ‘अरंगेट्रम्’ हे याचे उत्तम उदाहरण. ‘अरंगु’ म्हणजे रंगमंच आणि ‘एट्रम्’ म्हणजे आरोहण. प्राचीन तमिळ महाकाव्य ‘शिलप्पदिकारम्’ यात माधवीच्या प्रथम नृत्यप्रयोगाला एक स्वतंत्र सर्ग दिलेला आहे. नव्या ग्रंथाच्या विद्वत्सभेतील पहिल्या वाचनालाही हाच शब्द लागू होत असे. दोन्ही ठिकाणी अर्थ आरंभाचा आहे. स्थलांतरित समाजात मात्र हा सोहळा बहुधा विद्यापीठात जाण्यापूर्वी होतो आणि पुष्कळदा तोच शिक्षणाचा शेवट ठरतो. आरंभवाचक शब्द समाप्तिवाचक झाला. त्याच वेळी त्याची सामाजिक व्याप्ती वाढली : आप्त, शेजारी, शाळेतील इंग्रज मैत्रिणी व शिक्षक एका सभागृहात येतात, आणि एका मुलीची वर्षानुवर्षांची साधना सर्वांसमोर मान्यता पावते.

तिसरा थर साहित्याचा, म्हणजे गीतातील शब्दांचा. खरी हानी होते ती येथे. पदम् किंवा वर्णम् यांच्या अभिनयात एकच ओळ पुनःपुन्हा गायिली जाते आणि नर्तिका प्रत्येक आवृत्तीत तिचा निराळा भाव उलगडते. ही ‘संचारी’ची मोकळीक शब्दाच्या अर्थच्छटांवर अवलंबून असते. ओळीचा केवळ इंग्रजी सारांश हाती असेल तर नर्तिका शब्द फुलवू शकत नाही. शिक्षिकेने बसविलेल्या हावभावांची मालिका ती पाठ करते. प्रेक्षकांचीही तीच स्थिती असल्यामुळे नृत्यापूर्वीचे निवेदन आणि छापील कार्यक्रमपत्रिका यांना येथे जे महत्त्व येते ते मूळ भूमीत क्वचितच असे.

श्रीलंकेतील तमिळ समाजाचे चित्र काहीसे भिन्न आहे. त्यांच्या सुटीच्या दिवशी चालणाऱ्या शाळांत तमिळ भाषा, संगीत आणि नृत्य हे विषय अनेकदा एकाच छपराखाली शिकविले जातात. तेथे नृत्य हे भाषाशिक्षणाचे अंग बनते, कारण गीताची भाषा आणि घरची भाषा एक असू शकते. गुजराती कुटुंबाला नृत्यातून व्यापक भारतीयत्व मिळते. तमिळ कुटुंबाला त्याच नृत्यातून विशिष्ट तमिळत्व मिळते. एकाच कलेची ही दोन सामाजिक कार्ये एकत्र मोजणे युक्त नाही.

गीताची भाषा व आश्रयदात्याची भाषा भिन्न असणे ही गोष्ट मात्र नवी नव्हे. भरतनाट्यमचा अलारिप्पूपासून तिल्लानापर्यंतचा रचनाक्रम तंजावरच्या चार बंधूंनी सिद्ध केला असे परंपरा मानते, आणि त्यांचा आश्रयदाता दुसरा सरफोजी (राज्यकाल १७९८ ते १८३२) हा मराठी भाषक राजा होता. तमिळ प्रदेशातील त्या मराठी दरबारात तेलुगू पदे गायिली जात. सरफोजीच्या नावावर नृत्यासाठी रचलेली मराठी निरूपणेही आहेत. म्हणजे या नृत्याची आजची घडणच एका स्थलांतरित राजघराण्याच्या छत्राखाली झाली. भेद इतकाच, की तंजावरच्या दरबारात अनेक भाषा जाणणारा रसिक होता. लंडन व लेस्टर येथील सभागृहात त्या सर्व भाषांच्या जागी एकटी इंग्रजी उभी आहे.

समाज एकत्र येतो असे म्हणताना कोण बाहेर राहतो हेही पाहिले पाहिजे. देवदासी व नट्टुवनार यांच्या घराण्यांतील ही कला १९३० नंतरच्या दशकांत ‘सदिर’ हे नाव टाकून मध्यमवर्गात आली; कार्यक्रमपत्रिकेतील ‘प्राचीन मंदिरनृत्य’ या वर्णनात त्या घराण्यांचा इतिहास लोप पावतो. अरंगेट्रमचा खर्च सर्वांना पेलत नाही. पूजाविधीने होणारा आरंभ सर्व धर्मांच्या मुलांना सारखाच जवळचा वाटत नाही. तथापि या मर्यादा अनुल्लंघ्य नाहीत. बांगलादेशी कुटुंबात १९७४ साली लंडनमध्ये जन्मलेले अक्रम खान यांनी प्रताप पवार यांच्याकडे कथक शिकून जागतिक कीर्ती मिळविली. ‘भारतीय नृत्य’ याऐवजी ‘दक्षिण आशियाई नृत्य’ ही संज्ञा ब्रिटनमध्ये रूढ झाली तिच्यामागेही हा सर्वसमावेशक हेतू होता.

सारांश, अभिजात नृत्य स्थलांतरितांची मातृभाषा वाचवील ही अपेक्षा सामान्यतः अस्थानी आहे. ते निराळे कार्य करते : भिन्न भाषकांना समान बोल, समान परिभाषा आणि समान प्रसंग देते. परंतु अभिनयाची खोली राखावयाची असेल तर साहित्याच्या थराकडे जाणीवपूर्वक लक्ष दिले पाहिजे. हावभाव शिकविण्यापूर्वी ओळीचा पदशः अर्थ सांगणे, तिचा उच्चार घोटून घेणे, आणि शक्य तेथे विद्यार्थ्याच्या घरच्या भाषेतील रचना निवडणे हे उपाय साधे आहेत. १९३२ साली स्थापन झालेल्या लंडनच्या महाराष्ट्र मंडळासारख्या संस्थांना तंजावरची मराठी निरूपणे या दृष्टीने उपयोगी पडण्याजोगी आहेत. नृत्यवर्गातील प्रत्यक्ष बोलण्याचे ध्वनिमुद्रण करून त्यातील तिन्ही थरांचा तौलनिक अभ्यास करणे हे भाषाविज्ञानाच्या विद्यार्थ्यांसाठी एक उपयुक्त संशोधनक्षेत्र ठरेल.