स्टिअरिंग माझ्या हातात!

वीकएंडचा तुमचा प्लॅन काय? मॉल, मल्टिप्लेक्स, फार तर लोणावळा? माझा परवाचा वीकएंड ट्रॅक्टरखाली गेला. खरंच सांगतेय, अक्षरशः खाली!

सांगलीजवळच्या आमच्या गावी आबांनी, म्हणजे आजोबांनी, सेकंडहँड घेतलेला मॅसी फर्ग्युसन ३५ आहे. आबा गेले, पण रंग उडालेला हा गडी अजून सुरू होतो. प्रॉब्लेम एकच, स्टिअरिंग. पाव फेरा फिरवलं तरी पुढची चाकं ढिम्म! मध्यंतरी शेणखताची ट्रॉली नेताना तो कालव्याकडे असा काही ओढला गेला, की काकांनी, म्हणजे नानांनी, घरी आल्या आल्या जाहीर केलं, ''आता भंगारात.''

मी फोनवर भांडले, रुसले. शेवटी नाना म्हणाले, ''रविवार संध्याकाळपर्यंत बघू. नाहीतर सोमवारी भंगारवाला येतोय.'' शुक्रवारी रात्रीची बस पकडली.

भन्नाट फंडा

या ट्रॅक्टरचं घराणं मोठं आहे. हॅरी फर्ग्युसन यांचा टीई-२० इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीत १९४६ ते १९५६ या काळात पाच लाखांहून जास्त बनला. त्याचा वारस १९५६ मध्ये आला, तोच पुढे मॅसी फर्ग्युसन ३५. आणि १९६० मध्ये तेव्हाच्या मद्रासमध्ये सुरू झालेल्या टॅफेमुळे 'मॅसी' आपल्याकडच्या बांधाबांधावर पोचला.

त्याच्या स्टिअरिंगची गंमत ऐका. पुढच्या दोन चाकांना आडवा जोडणारा टाय रॉड इथे नाहीच! स्टिअरिंग बॉक्सच्या दोन्ही बाजूंना एकेक ड्रॉप आर्म आणि प्रत्येकाचा वेगळा ड्रॅग लिंक, थेट आपापल्या चाकापर्यंत. त्यामुळे पिकाच्या ओळींप्रमाणे चाकांमधलं अंतर बदललं, तरी स्टिअरिंगचं गणित बिघडत नाही.

गुन्हेगार कोण?

सगळ्यांचा संशय स्टिअरिंग बॉक्सवर. गावातले मिस्त्री मात्र हसले. ''ताई, आधी खाली झोपा. नाना स्टिअरिंग हलवतील, तुम्ही एकेका जॉइंटवर हात ठेवा. एक बाजू हलली आणि दुसरी उशिरा हलली, की समजायचं.''

समजलं! एका नाही, चारही बॉल जॉइंटमध्ये थोडा थोडा ढिलेपणा. किंगपिनचे बुश घासून लंबगोल झालेले. प्रत्येकाची चूक चिमूटभर, बेरीज पाव फेरा. आमच्या ऑफिसातल्या प्रोजेक्टसारखंच!

मागच्या चाकांना उटी लावली, पुढचा अ‍ॅक्सल जॅकवर उचलून लाकडी ठोकळ्यांवर टेकवला. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरायचं नाही, हा मिस्त्रींचा पहिला नियम. दुसरा, खोलण्याआधी खुणा करायच्या. आर्म कुठे बसला होता तिथे पंचने ठिपका, आणि डावे-उजवे पार्ट वेगळ्या डब्यांत.

रविवार दुपार, घड्याळ बारा

जोडणीत मी माती खाल्ली. नवा बुश जोशात ठोकून बसवला, पण त्याचं भोक ग्रीस निपलच्या भोकासमोर आलंच नाही. म्हणजे ग्रीस आत जाणार कुठून? मिस्त्रींनी कपाळाला हात लावला. तो बुश काढताना चिरला. दुसरा आणायला नाना स्वतः, न बोलता, मोटरसायकलवरून तालुक्याला गेले. तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं, यांनाही तो विकायचा नाहीये.

नवा बुश व्हाइसमध्ये हळूहळू दाबून बसवला. तरी किंगपिन जाईना! मी कानस उचलली, मिस्त्री ओरडलेच. कानशीने भोक वाकडंतिकडं होतं. त्यांनी रीमर फिरवला, दर दोन फेऱ्यांनी पिन घालून पाहिली. तेल लावलेली पिन हाताच्या दाबाने सरकली आणि जराही हलली नाही, तेव्हा ते थांबले. मग वजन पेलणारं थ्रस्ट बेअरिंग, स्टब अ‍ॅक्सल, वरचा आर्म, अगदी खुणेवर खूण.

बॉल जॉइंटचे कॅसल नट आवळले. पिनचं भोक जुळत नसेल तर नट मागे ढिला करायचा नाही, पुढच्या खाचेपर्यंत आणखी आवळायचा. स्प्लिट पिन नेहमी नवी. पाच-दहा रुपयांची वस्तू, पण तिच्यावर अख्खं चाक भरवसा ठेवून असतं.

शेवटी टो-इन. स्टिअरिंग मधोमध, चाकं सरळ. रिमच्या आतल्या बाजूला हबच्या उंचीवर पुढे खडूची खूण करून दोन्ही चाकांमधलं अंतर मोजलं. ट्रॅक्टर ढकलून खुणा मागे नेल्या, पुन्हा मोजलं. पुढचं माप मागच्यापेक्षा काही मिलिमीटरच कमी हवं. दोन्ही ड्रॅग लिंक त्याप्रमाणे फिरवले, लॉकनट आवळले, प्रत्येक निपलला ग्रीस दिलं.

संध्याकाळ झाली होती. नाना सीटवर चढले आणि मुद्दाम कालव्याच्या रस्त्याने निघाले. मी काठावर श्वास रोखून. लाल गडी सरळ गेला, वळला, सरळ आला. नानांनी इंजिन बंद केलं आणि आबांसारखाच बॉनेटवर एकदा हात फिरवला. बोलले काहीच नाहीत.

सोमवारी भंगारवाला आला. नानांनी त्याला चहा पाजला आणि जुन्या बुशांची पिशवी हातात दिली.