वाजवी खंड कोणी ठरवायचा?

भात शेतात उभे असतानाच ते किती उतरेल याचा अंदाज बांधायचा, याला कोकणात अभावणी म्हणत. अंदाज खोताचा, अर्धेल कुळाने त्याच्या निम्मे भात घालायचे. खळ्यावर कमी भरले तर तूट कुळाच्या गळ्यात. या खोतीविरुद्ध अलिबागजवळच्या चरीत नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली १९३३ ते १९३९ संप चालला. शेतकऱ्यांनी जमिनी कसायच्याच सोडल्या.

मुंबई प्रांताच्या १९४८च्या कूळकायद्याने खंडाला वरची मर्यादा घातली: बागायतीत पिकाचा चौथा हिस्सा, इतरत्र तिसरा. वेठ आणि वरकड हक्क बंद केले. मर्यादेच्या आतला ‘वाजवी खंड’ मामलेदाराने ठरवायचा. त्यासाठी आसपासचे खंड, पिकांचे भाव, जमिनीत कोणी काय सुधारणा केली, सरकारी आकार (शेतसारा) किती, हे सगळे पाहायचे. कागदावर उत्तमच. पण पीक किती आले हे सांगणार कोण? करार तोंडी, पावती नाही, आणि साक्षीला येणारा शेजारी बहुधा त्याच मालकाचे कूळ.

दिवाणी कोर्टाचे दार या कायद्याने बंदच केले. मामलेदाराच्या निकालावर कलेक्टरकडे अपील, पुढे महसूल न्यायाधिकरणात फेरतपासणी. तिथे कायद्याची चूक दाखवावी लागे. आठ खंडी पिकले की दहा, हा वाद सहसा पुन्हा उघडत नसे. म्हणजे कुळाची खरी लढाई पहिल्याच कचेरीत जिंकायची किंवा हरायची.

खंडाचा हा कमाल दर आणखी खाली आणण्याचा अधिकार कायद्याने सरकारला दिला होता. त्यावरचे वसंतलाल संजाणवाला प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. बहुमताच्या वतीने न्या. गजेंद्रगडकरांनी तो अधिकार वैध ठरवला, न्या. सुब्बा राव यांना मात्र तो बेलगाम वाटला. निकाल १९६०चा. गंमत अशी, की तोवर खंडाची पद्धतच पालटली होती.

१९५६च्या दुरुस्तीने पिकाचा हिस्सा सोडून आकाराचा आधार घेतला: खंड आकाराच्या दुपटीहून कमी नाही, आणि पाचपट किंवा एकरी २० रुपये यांपैकी जे कमी त्याहून जास्त नाही. एकरी ३ रुपये आकार असेल तर जास्तीत जास्त १५; ५ रुपये असेल तर २५ नव्हे, २०. आकार जुन्या जमाबंदीतला, त्यामुळे दोन सारख्या शेतांचा खंड वेगळा निघू शकतो. तरी मला हीच पद्धत सरस वाटते. मोजमाप बांधावरून उठून दप्तरात आले, आणि हिशेब कुळाला स्वतः पडताळता येऊ लागला.

१ एप्रिल १९५७ला बहुतेक कुळे मालक मानली गेली आणि खंडाऐवजी किंमत ठरवायचे काम न्यायाधिकरणांकडे आले. तीही आकाराच्या २० ते २०० पट. खंड उरला तो अपवादांत. विधवा, अज्ञान किंवा अपंग मालकांच्या जमिनींची खरेदी लांबली. देवस्थान आणि शैक्षणिक न्यासांना सूट मिळाली, पण ती खरेदीपासून. खंडाची मर्यादा त्यांनाही लागू राहिली. त्या सुटीसाठी न्यासाला कलेक्टरचे प्रमाणपत्र लागते, आणि अशा जमिनींवर खंडाच्या आकड्याआधी भांडण होते ते त्या प्रमाणपत्रावरून.