मुक्काम ठरविला नसतां

मनालीहून लेहकडे मोटारीनें जातांना मुक्काम आगाऊ ठरवावा कीं नाहीं? आमचें मत असें, कीं जागा ठरविली नाहीं तरी चालेल. मुक्कामाची वेळ व उंची मात्र ठरविलीच पाहिजे.

सन २०२० मध्यें रोहतांगखालचा नऊ किलोमीटरांचा अटल बोगदा खुला झाल्यापासून लाहौलचें खोरें जवळ आलें आहे. पुढें तांदी येथें चंद्रा व भागा या नद्या मिळून चंद्रभागा होते. पंढरीच्या वारकऱ्याचें मन नांवानेंच भरून यावें! हिमशिखरें पाहतां पाहतां दिवस सरतो आणि मोह होतो, कीं सरचूपर्यंत जाऊं, तेथें तंबू मिळेल.

पण केलाँग सुमारें १०,००० फूट उंच, सरचू १४,०००, आणि मध्यें १६,००० फुटांची बारालाचा खिंड. विरळ हवेची संवय होण्यापूर्वीं इतकें चढल्यास डोकें दुखतें, ओकाऱ्या होतात; फुप्फुसांत वा मेंदूंत पाणी सांठल्यास प्राणावर बेततें. सौभाग्यवतींचें डोकें केलाँगलाच दुखूं लागलें. तेथेंच चार ठिकाणीं विचारून एक खोली मिळविली व दोन रात्री राहिलों. पुढें कोठें पैसे भरलेले नव्हते, म्हणून थांबणें जड गेलें नाहीं. दुखणें पुरतें उतरलें, मगच गाडी हलविली.

डोंगरांत बिऱ्हाड दुपारीं तीनपूर्वीं शोधावें आणि प्रकृति सांगेल तेथें थांबावें, एवढें पथ्य प्रवाशानें पाळावें.