टाळ्या गायिकेला, पैसे गीतकाराला

डेट्रॉइट, मिशिगन

डेट्रॉइट म्हटलं की आपल्याकडे मोटारी आठवतात. पण या शहराने गाणीही जवळजवळ कारखान्याच्याच शिस्तीत काढली. मोटार कारखान्यात राबलेल्या बेरी गॉर्डीने इथे मोटाऊन ही रेकॉर्ड कंपनी उभी केली आणि साठच्या दशकात गोऱ्या घरांतल्या पोरांनाही कृष्णवर्णीयांच्या गाण्यांवर नाचायला लावलं. १९७२ साली कंपनीने लॉस एंजलिसला बिऱ्हाड हलवलं. तिचं जुनं घर आता संग्रहालय आहे आणि तिथे पर्यटकांची गर्दी असते. मला मात्र या शहराची गोष्ट मोटाऊनपेक्षा सोल गायिका बेटी लव्हेटच्या वाटेने जास्त उलगडते.

बेटी आता ऐंशीच्या घरात आहे. जन्म १९४६चा, मिशिगनमधल्याच मस्कीगनचा, वाढली डेट्रॉइटमध्ये. सोल म्हणजे चर्चमधलं गाणं आणि ब्लूज यांचा संकर, त्यामुळे सोल गायक चर्चमध्येच घडतो असं इथे धरून चालतात. बेटीचं शिक्षण वेगळं झालं. आईवडील घरी चोरटी दारू विकत आणि गिऱ्हाइकांसाठी बैठकीच्या खोलीत ज्यूकबॉक्स ठेवलेला होता. पोरगी त्याच्यावर गाणं शिकली. तिच्या आवाजातला तो खरखरीत, जराही न लाजणारा रोखठोकपणा तिथूनच आला असावा.

१९६२मध्ये, सोळाव्या वर्षी, तिची पहिली रेकॉर्ड ‘अटलांटिक’ या कंपनीने बाजारात आणली. ती ‘रिदम अँड ब्लूज’च्या यादीत सातव्या क्रमांकावर गेली, आणि सर्वसाधारण ‘पॉप’ यादीत पहिल्या शंभरातही आली नाही. याद्या दोन होत्या. कागदावर फरक संगीताच्या प्रकाराचा. प्रत्यक्षात तो पुष्कळसा ऐकणाऱ्याच्या कातडीच्या रंगाचा. ही फाळणी कळल्याशिवाय त्या काळातल्या कुठल्याही कृष्णवर्णीय गायकाचा हिशेब लागत नाही.

त्यानंतर ती एका कंपनीतून दुसरीत फिरत राहिली. १९७२मध्ये अलाबामातल्या मसल शोल्स या छोट्या गावी तिने अख्खा अल्बम ध्वनिमुद्रित केला. टेनेसी नदीकाठच्या या गावात गोरे वादक कृष्णवर्णीय गायकांच्या मागे अशी साथ करत, की रेकॉर्ड ऐकून त्यांचा वर्ण कोणाला ओळखता येऊ नये. अल्बम तयार झाला आणि कंपनीने तो कपाटात टाकला. इथल्या करारात टेपची मालकी कंपनीची असते. गायिकेला ती उचलून दुसऱ्या दारी जाता येत नाही. पुढे बेटी ‘बबलिंग ब्राउन शुगर’ या संगीतिकेत वर्षानुवर्षं काम करत राहिली. तिचा पहिला अल्बम दुकानात आला तो १९८२मध्ये, पहिल्या रेकॉर्डनंतर वीस वर्षांनी. कंपनी मोटाऊन, पण ध्वनिमुद्रण नॅशव्हिलचं. डेट्रॉइटच्या मुलीला डेट्रॉइटची कंपनी भेटली ती अशी, दोघींच्याही गावाबाहेर.

कपाटातला अल्बम बाहेर काढला तो एका फ्रेंच संग्राहकाने. १९७२च्या त्या टेप त्याच्या हाती लागल्या आणि २००० साली तो अल्बम फ्रान्समध्ये निघाला. मग चाकं फिरली. २००५मध्ये ‘अँटी’ या कंपनीने तिच्याकडून निव्वळ स्त्रियांनी लिहिलेल्या गाण्यांचा अल्बम करून घेतला. निर्माता जो हेन्री. दोन वर्षांनी ती पुन्हा मसल शोल्सला गेली, या वेळी ‘ड्राइव्ह-बाय ट्रकर्स’ या रॉक वाद्यवृंदासोबत. त्यातल्या पॅटरसन हूडचे वडील डेव्हिड हूड मसल शोल्सचे नामवंत बास गिटारवादक. त्या अल्बमचं नाव ‘द सीन ऑफ द क्राइम’. गुन्हा कोणाचा, हे इथे सगळ्यांना कळलं. जानेवारी २००९मध्ये, ओबामांच्या शपथविधीच्या दोन दिवस आधी, लिंकन स्मारकापाशी सोल गायक सॅम कुकचं गाणं तिने जॉन बॉन जोवीबरोबर गायलं.

अमेरिकेला अशा उशिरा फळलेल्या गोष्टींचं भारी वेड. चिकाटी, प्रतिभा, शेवटी विजय. माझा या गोष्टीवर फारसा विश्वास नाही, कारण मधल्या वर्षांचा हिशेब त्यात कोणी मांडत नाही. बेटी गाणी लिहीत नाही, दुसऱ्यांची गाणी आपलीशी करून गाते. आणि या देशात साध्या रेडिओवर गाणं लागलं की मानधन गीतकार-संगीतकाराला मिळतं. गायकाला कायद्याने एक छदामही नाही. रेडिओ तुमची जाहिरात करतो, तीच तुमची कमाई, असा स्टेशनवाल्यांचा जुना युक्तिवाद. लताबाईंनी साठच्या दशकात गायकांच्या रॉयल्टीसाठी रफींशी वाद घातला होता, हे आठवणाऱ्यांना हा पेच लगेच कळेल. भारताने २०१२च्या कायद्यात गायकांचा हक्क मान्य केला. या बाबतीत अमेरिका इराण आणि उत्तर कोरियाच्या पंगतीत बसतो, असं इथले कलावंत सरकारला सुनावत असतात. शिवाय अमेरिका परदेशी गायकांना देत नाही म्हणून युरोपातले अनेक देशही अमेरिकी गायकांचा वाटा अडवतात. इंग्लंडातले सोलवेडे बेटीच्या जुन्या रेकॉर्ड जिवापाड जपत. त्या प्रेमाचा पैसा तिच्यापर्यंत पोचायची वाट अशी बंद.

इंटरनेट आणि उपग्रह रेडिओसाठी १९९५मध्ये वेगळा कायदा झाला. त्यातल्या ठरलेल्या वाटपात मुख्य गायकाला ४५ टक्के मिळतात. पण फेब्रुवारी १९७२च्या आधीच्या रेकॉर्ड केंद्रीय कायद्याच्या बाहेरच होत्या. म्हणजे बेटीचं सगळं तरुणपण बाहेर. ती त्रुटी २०१८मध्ये भरून निघाली, तेव्हा ती बहात्तर वर्षांची होती आणि त्याच वर्षी बॉब डिलनच्या गाण्यांचा तिचा अल्बम आला.

साध्या रेडिओकडून गायकांना पैसे मिळवून देणारं विधेयक २०२१पासून अमेरिकी काँग्रेसमध्ये पुन्हापुन्हा मांडलं जात आहे. दोन्ही पक्षांचे लोक त्याच्या बाजूने आहेत, दोन्ही पक्षांचे लोक विरोधातही आहेत, कारण गावोगावची रेडिओ स्टेशनं प्रत्येक मतदारसंघात आहेत. तुम्हाला बेटी ऐकायची असेल तर २००५च्या अल्बमपासून सुरुवात करा, आणि जमलं तर तो विकत घ्या.