सॉफ्टवेअर करून घेण्याआधी बाण काढायला शिका

भोसरीपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्यात आपले अनेक भाऊ टर्निंग, प्रेस व प्लेटिंगचे जॉबवर्क करतात. चलन, बिल व उधारी सांभाळण्यासाठी काहीजण सॉफ्टवेअर करून घेतात. पैसे जातात, पण सॉफ्टवेअर कामाला येत नाही. कारण आपण प्रोग्रामरला सगळे तोंडी सांगतो आणि अर्धे राहून जाते.

यावर उपाय आहे 'सिक्वेन्स डायग्राम', म्हणजे व्यवहाराच्या क्रमाची आकृती. १९९७ साली प्रमाण ठरलेल्या यूएमएल या पद्धतीतील ही आकृती शिकायला कागद, पेन्सिल व पट्टी पुरे.

कागदावर वरच्या बाजूला ओळीने चार चौकटी काढा: चाकणची कंपनी, आपले वर्कशॉप, सॉफ्टवेअर आणि प्लेटिंगवाला. प्रत्येकीखाली उभी तुटक रेघ ओढा. वेळ वरून खाली जातो. प्रत्येक निरोपासाठी एका रेघेपासून दुसरीपर्यंत आडवा बाण काढून त्यावर निरोप लिहा. मागणीचा बाण सलग, उत्तराचा तुटक.

समजा, ५०० नगांची ऑर्डर आली. कंपनीकडून वर्कशॉपकडे 'ऑर्डर', वर्कशॉपकडून सॉफ्टवेअरकडे 'नोंद करा', उलट 'चलन नंबर', मग प्लेटिंगवाल्याकडे 'माल व चलन'. नवशिका इथेच थांबतो. पण ४८० नगच चांगले परत आले तर? यासाठी पुढच्या बाणांभोवती मोठी चौकट काढून तिचे आडवे दोन भाग करा. वर 'माल पास', खाली 'माल नापास'. दोन्हींचे बाण वेगळे. २० नगांचे नुकसान कोणाचे, हे सॉफ्टवेअर ठरवणार नाही. ते आधी आपसांत ठरवावे लागेल.

'माल स्वीकारला' या बाणाची तारीख तर विसरूच नका. २००६ च्या एमएसएमई कायद्यानुसार सूक्ष्म व लघु उद्योगाचे पैसे, लेखी करारात मुदत ठरली असली तरी, माल स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त ४५ दिवसांत मिळाले पाहिजेत. खरेदीदाराने १५ दिवसांत लेखी हरकत घेतली नाही, तर माल मिळालेला दिवसच स्वीकारल्याचा धरला जातो. ही तारीख सॉफ्टवेअरमध्ये नसेल, तर थकबाकी मागायची कशाच्या आधारे?

उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा आदेश सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत आहे. ही आकृती त्याच सवयीला पूरक आहे. दुकानातल्या पोरांना एक व्यवहार रोज काढायला लावा, आणि कागद पूर्ण झाल्यावरच प्रोग्रामरला बोलवा.