परतीच्या गर्दीचा हिशेब

६ फेब्रुवारी २०२५, गुरुवार. सकाळचे अकरा वाजताहेत आणि नागपूरच्या बेसा चौकात एकही रिकामा ऑटो दिसत नाही. निळ्या जर्सीतली पोरं तिघं-तिघं एका टू-व्हीलरवर बसून मनीषनगरच्या दिशेनं निघाली आहेत. गालांवर तिरंगा रंगवलेली एक चिमुरडी बापाच्या खांद्यावरून सगळ्या येणाऱ्या-जाणाऱ्यांना हात करते आहे. आज जामठ्याला भारत-इंग्लंड एकदिवसीय सामना आहे. पहिला चेंडू दीड वाजता पडणार. मार्च २०१९ नंतर विदर्भ क्रिकेट असोसिएशनच्या या मैदानावर एकदिवसीय सामना झालेला नाही, त्यामुळे सहा वर्षांची भूक आज रस्त्यावर उतरली आहे.

माझ्यासोबत अकरावीतली लेक आहे आणि शेजारचे काका. काका एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झाले. गर्दी दिसली की त्यांच्यातला नियंत्रक जागा होतो. सोसायटीतल्या एकानं कारमधून सोडतो म्हटलं, तर काकांनी हात जोडले.

"गाडी नेणं सोपं राहते बेटा, काढणं कठीण राहते. आपण मेट्रोनं जाऊ."

शेवटी एक ऑटो थांबतो. मनीषनगर ओलांडून उज्ज्वलनगर स्टेशन गाठेपर्यंत वर्धा रोड भरलेला आहे. वरचा उड्डाणपूल, त्याच्याही वर मेट्रो आणि खालचा जुना रस्ता, तिन्ही मजले दक्षिणेकडे वाहताहेत. आज सुटीचा दिवस नाही, हे या रस्त्याकडे पाहताना विसरून चालत नाही. मिहानमधल्या टीसीएस, एचसीएलमध्ये जाणारी मंडळी याच रस्त्यावर आहेत. एम्सला निघालेले रुग्ण आहेत. शिवाय राष्ट्रीय महामार्ग ४४ वरचे हैदराबादकडे जाणारे ट्रक आहेत. सामन्याची गर्दी कधी मोकळ्या रस्त्यावर येत नाही, ती नेहमी आधीच्या गर्दीत मिसळते.

मेट्रोत पाय ठेवायला जागा नाही, तरी सगळे खुशीत आहेत. विमानतळ ओलांडल्यावर गाडी खांबांवरून जमिनीवर उतरते. खापरीला शेवटचं स्टेशन. दारं उघडतात आणि अख्खी गाडी एकदम फलाटावर रिकामी होते. तीन डब्यांच्या एका गाडीत साधारण नऊशे माणसं मावतात. दहा मिनिटांनी एक गाडी धरली तरी तासाला पाच हजारांहून अधिक लोक कुठेही हॉर्न न वाजवता, कुठेही गाडी न लावता इथवर येऊ शकतात.

मात्र मैदान इथे नाही. जामठा अजून काही किलोमीटर पुढे आहे आणि ते अंतर महामार्गावरून चालण्याजोगं नाही. स्टेशनबाहेर ऑटोंभोवती झुंबड उडाली आहे. भाडं माणशी ठरतंय आणि प्रत्येक मिनिटाला वाढतंय. रांग कुठे लावायची, हे सांगणारा फलक मला दिसत नाही. काका दोन कॉलेजकुमारांना हाताशी धरतात, "पाच जण होतो आपण, चला." आम्ही एका ऑटोत कोंबले जातो.

महामार्गाच्या कडेला मेट्रोच्या दुसऱ्या टप्प्याचं काम चालू आहे. मिहान ते बुटीबोरी ही साडेअठरा किलोमीटरची मार्गिका जामठ्यावरून जाणार आहे. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्रानं या टप्प्याला मंजुरी दिली. मार्गिका सुरू होईल तेव्हा होईल. आजचा माणूस ऑटोच्या दांडीला धरून बसला आहे.

मैदानाच्या बरंच अलीकडे ऑटो थांबतो. पुढे बॅरिकेड आहेत. आम्ही उतरून चालू लागतो. दोन्ही बाजूंना शेतं आहेत. तूर निघून गेलेली, नुसती खुंटं उरलेली वावरं आज पार्किंग झाली आहेत. एका बांधावर चुन्यानं रेघ ओढली आहे आणि पंधरा-सोळा वर्षांचा पोरगा शिट्टी फुंकतोय. "अजून आत घ्या न दादा, अजून आत!" प्रत्येक कार आधीच्या कारला चिकटून लागते आहे. मधे गल्ली सोडलेली नाही. काका बांधावर थांबतात आणि त्या रांगांकडे बराच वेळ बघतात.

"मधली गाडी आजारी माणसाची निघाली तर? किल्ली कोणाकडे मागायची?"

पोरगा हसून म्हणतो, "मॅच संपल्यावर सगळे सोबतच निघतात न काका."

नेमकं तेच तर दुखणं आहे. सगळे सोबतच निघतात. येताना अकरा ते दोन असे तीन तास लोक आपापल्या सवडीनं येतात. जाताना सगळ्यांना एकच अर्धा तास हवा असतो.

मागून सायरन ऐकू येतो. रुग्णवाहिका आहे. जामठ्यातच राष्ट्रीय कर्करोग संस्थेचं रुग्णालय आहे आणि आज त्याचा रस्ता सामन्याच्या गर्दीतून जातो. वाहतूक शाखेचा एक हवालदार धावत येतो, दोन गाड्या हातानं थोपटत मातीत उतरवतो, तिसरी मागे रेटायला लावतो. जर्सीतली पोरं आपणहून साखळी करून लोकांना कडेला घेतात. रुग्णवाहिका जाते. हवालदार टोपी काढून कपाळ पुसतो आणि पुन्हा चौकात उभा राहतो. त्याच्या धावण्याला माझा मनापासून नमस्कार आहे. पण आजारी माणसाचा रस्ता एका हवालदाराच्या धावण्यावर अवलंबून राहू नये. त्या गाडीसाठी एक मार्गिका सकाळपासून रिकामी ठेवता आली असती.

आत मैदान तुडुंब आहे. ४५ हजारांची क्षमता असलेल्या या गोलात एकदा आवाज उठला की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. सलामीच्या जोडीनं इंग्लंडला ७५ धावांची सुरुवात करून दिली आहे. मग फिल सॉल्ट धावबाद होतो आणि पाठोपाठ पदार्पण करणारा यशस्वी जैस्वाल मागे पळत जाऊन बेन डकेटचा झेल घेतो. लेक खुर्चीवर उभी राहून ओरडते. दुसरा नवा गडी हर्षित राणा तीन बळी घेतो, जडेजाही तीन. इंग्लंड २४८ वर सर्वबाद. आमच्या डावात श्रेयस अय्यर ५९ धावा कुटतो, शुभमन गिल ८७ वर बाद होतो, तोवर विजय हाताशी आलेला असतो.

याच क्षणी मी मैदानाऐवजी जिन्यांकडे बघते. वरच्या रांगा उठू लागल्या आहेत. चेंडू पडायचे बाकी असताना माणसं पाठ फिरवून निघाली आहेत. त्यांनी तिकिटाला पैसे मोजले, दिवस काढला, ऊन सोसलं. तरी जिंकण्याचा क्षण त्यांना पार्किंगच्या भीतीपायी सोडावा लागतो. ३८.४ षटकांत भारत चार गडी राखून जिंकतो. फटाके उडतात, आणि मैदान नरसाळ्यासारखं फाटकांकडे ओतू लागतं.

बाहेर काळोख आहे. सकाळचं ते तुरीचं वावर आता हेडलाइटांनी पेटलेलं आहे. धूळ इतकी की दिव्यांचे झोत दांड्यांसारखे दिसतात. सगळ्या इंजिनांचा आवाज चालू, गाड्या मात्र जागच्या जागी. बाहेर पडायला बांध फोडून केलेलं एकच तोंड आहे, एका वेळी एक गाडी निघेल एवढं. मी घड्याळ लावून बघते. मिनिटाला दहा गाड्या निघताहेत, तेही महामार्गावरच्या कोणी थांबून वाट दिली तर. म्हणजे तासाला सहाशे. या शेतात दीड हजार गाड्या असतील, तर शेवटच्या गाडीला अडीच तास लागणार. अशीच तीन तोंडं असती, तर पन्नास मिनिटांत वावर रिकामं झालं असतं. जागा तीच, गाड्या त्याच. फक्त सकाळी तीन ठिकाणी बांध सपाट करून ठेवायला हवा होता.

एक बाई कारच्या खिडकीतून पोराला पाणी पाजते आहे. पोर रडून रडून दमलंय. "समोरचा हलतच नाही," ती म्हणते. समोरच्याच्याही समोर कोणी हलत नाही. ही काळी माती आज कोरडी आहे म्हणून बरं. २३ सप्टेंबर २०२२ ला इथेच ओल्या मैदानामुळे भारत-ऑस्ट्रेलिया सामना आठ-आठ षटकांचा करावा लागला होता. पावसाळ्यात या वावरात गाडी लावायची कल्पनाही करवत नाही.

आम्ही कडेकडेनं चालतोय. फूटपाथ नाही, कडेला दिवे नाहीत. मोबाइलचे टॉर्च लावून हजारो माणसं महामार्गाच्या काठानं चालताहेत आणि हाताच्या अंतरावरून ट्रक जाताहेत. मी लेकीला आतल्या बाजूला घेते. वाटेत बायकांसाठी एकही स्वच्छतागृह नाही. सकाळपासून पाणी कमी प्यायलेल्या किती जणी या गर्दीत असतील, याचा हिशेब कोणत्याच बंदोबस्तात मांडलेला नसतो.

"बेटा, पंढरपूरला मी आषाढीची ड्युटी केली आहे," काका चालता चालता सांगू लागतात. "लाखांनी माणूस येते. पण एसटी काय करते माहीत आहे? गावाबाहेर वेगवेगळी तात्पुरती बसस्थानकं करते. चंद्रभागा, भीमा, पांडुरंग, विठ्ठल. नागपूर-अमरावतीची माणसं भीमाला, कोल्हापूर-सांगलीची पांडुरंगला. म्हाताऱ्या माणसालेही समजते आपली गाडी कुठून सुटते. त्याच्याकडे मोबाइल नसला तरी समजते."

२०२४ च्या आषाढीसाठी एसटीनं पाच हजार जादा गाड्या सोडल्या होत्या. म्हणजे हे शास्त्र आपल्याला बाहेरून शिकायचं नाही. दिशेनुसार माणसं वेगळी करायची, गाडी माणसाच्या आधी उभी ठेवायची, आणि भरली की सोडायची. नागपुरातही दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला लाखोंचा समुदाय येतो आणि शहर त्याची तयारी करतं. यात्रेला जमतं ते क्रिकेटला का जमू नये?

काकांचा हिशेब मी मनात पुढे नेते. पंचेचाळीस हजारांतले अर्धे लोक तिघं-तिघं करून कारनं आले, तर साडेसात हजार कार होतात. वळायच्या जागेसकट एका कारला पंचवीस चौरस मीटर धरले, तर सुमारे ४६ एकर जमीन लागते. तेवढ्याच लोकांना पन्नास-पन्नास करून बसनं न्यायचं, तर साडेचारशे फेऱ्या लागतात. खापरी स्टेशन जवळच असल्यानं एका बसनं रात्रीत तीन फेऱ्या केल्या, तर दीडशे बसमध्ये काम भागतं. ४६ एकर वावर आणि दीडशे बस, यांतलं सोपं काय आहे हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. मेट्रो एरवी रात्री दहापर्यंत धावते. रात्रीचा टी-ट्वेंटी सामना त्याहून उशिरा संपतो. म्हणून शेवटच्या गाडीची वेळ घड्याळावर न ठरता सामन्यावर ठरली पाहिजे.

मुंबईत वानखेडेला जाणारा माणूस पार्किंग विचारत नाही. चर्चगेट स्टेशन पायी काही मिनिटांवर आहे, लोकल पकडली की झालं. आमचं सिव्हिल लाइन्सचं जुनं मैदानही शहराच्या ऐन मध्यात होतं. सायकलनं जाणारे, पायी परतणारे लोक काकांच्या पिढीनं पाहिले आहेत. पण त्या मैदानाची आठवण निघाली की काका गप्प होतात. २६ नोव्हेंबर १९९५ ला भारत-न्यूझीलंड सामन्यात तिथली भिंत कोसळून प्रेक्षकांचे बळी गेले होते. गर्दी म्हणजे आवाज आणि झेंडे एवढंच नसतं, तिचं वजनही असतं, हे नागपूरनं फार मोठी किंमत देऊन पाहिलं आहे. नोव्हेंबर २००८ मध्ये जामठ्यात पहिली कसोटी झाली आणि क्रिकेट तिकडे गेलं. मैदान ऐसपैस झालं, जागा प्रशस्त मिळाली. फक्त घरापासून खुर्चीपर्यंतचा रस्ता मैदानाइतक्या काळजीनं बांधायचा राहून गेला.

खापरीच्या दिशेनं एक रिकामी बस येते आहे. माणसं तिच्यामागे धावतात, दार उघडण्याआधीच लटकतात. काका दोन्ही हात पसरून उभे राहतात आणि खणखणीत आवाजात ओरडतात, "आधी बायका-लेकरं! रांग धरा, रांग!" आश्चर्य म्हणजे लोक ऐकतात. मिनिटभरात रांग लागते. कोणी सांगणारं असलं की आपली माणसं शिस्तीत वागतात. सांगणाऱ्यालाच कोणी नेमत नाही.

पुढचा सामना जाहीर होईल तेव्हा संघ कोणता, तिकीट कितीला, यांवर आपण तासन्‌तास बोलू. त्याआधी क्रिकेट संघटना, वाहतूक पोलीस, महामेट्रो, शहर बस, ग्रामपंचायती आणि आमची बेसा-पिपळा नगरपंचायत एका टेबलाशी बसली पाहिजे. बेसा, मनीषनगर, सीताबर्डी, हिंगणा, बुटीबोरी अशा दिशा ठरवून बस आणि पार्किंग वेगळी करा. प्रत्येक वावराला किमान तीन तोंडं ठेवा. रुग्णालयाचा रस्ता सकाळपासून मोकळा ठेवा. चालणाऱ्यांना दिवे द्या, बायकांना स्वच्छतागृह द्या. आणि तिकिटावर जसा गेट, रांग आणि खुर्चीचा नंबर छापता, तसा परतीच्या बसचा थांबाही छापा. सामना शेवटच्या चेंडूला संपतो, पण आयोजकांची जबाबदारी शेवटचा प्रेक्षक घरी पोहोचेपर्यंत असते.